गावकुसाबाहेरचे नवे गाव



वसंत व्याख्यानमालेत बोलणाऱ्याने काही तरी दूरचे आणि मोठे सांगावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. दिवसभराचे ऊन सोसून संध्याकाळी आपण येथे येऊन बसता, ते आपल्याच घरासमोरच्या नालीविषयी ऐकण्याकरिता नव्हे. आम्ही आज दूरचे सांगणारच आहोत. अमेरिकेतील एका गावापर्यंत आपणांस नेणार आहोत. परंतु परतीची वाट लोहाऱ्यावरून आणि वडगावावरून आहे, आणि शेवटी त्या नालीपाशीही थोडे थांबावे लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

विषय उपनगराचा आहे. 'उपनगर' हा शब्द तसा पुस्तकी. आपल्या तोंडी आहे तो 'गावाबाहेर'. अमक्याने गावाबाहेर घर बांधले, असे आपण म्हणतो, आणि म्हणताना त्यात थोडे कौतुक असते. पण 'गावकुसाबाहेर' हा शब्द पूर्वी कौतुकाचा नव्हता. ज्यांच्या सावलीचा गावाने विटाळ मानला, ज्यांना गावाच्या विहिरीवर घागर बुडवू दिली नाही, त्यांची वस्ती गावकुसाबाहेर असे. बाहेर राहणे ही शिक्षा होती. आज ऐपतदार मनुष्य आपणहून बाहेर जातो, आणि जुन्या गल्लीत जो मागे राहिला त्याच्याविषयी हळहळ व्यक्त होते. बाहेर राहण्याचा अर्थ दोन-तीन पिढ्यांत असा उलटा व्हावा, यात मिळवले काय आणि गमावले काय, याचा हिशेब मांडावा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या घरापासून आरंभ करू. अकबराच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी'त आपल्या गावाचा उल्लेख 'योत लोहारा' असा जोडनावाने आहे. लोहारा म्हणजे येथून पश्चिमेस दारव्ह्याच्या वाटेवरचे तेच आपले लोहारा. इंग्रजी अमदानीत १८६४ साली अमरावतीपासून हा मुलूख वेगळा काढला गेला, पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १९०५ साली जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. १९०१ च्या जनगणनेत गावची वस्ती दहा हजारांच्या आसपास होती. नगरपालिका १८९४ सालची. कापसाने गाव मोठे केले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, मूर्तिजापूरहून छोट्या रुळांवरची शकुंतला आली; १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढीत होते. कचेऱ्या आल्या, वकील आले, शाळा आल्या. साहेबांनी आपल्यापुरती सिव्हिल लाईन थोडी अंतरावर मांडली. आमच्या मते गावातून दूर राहण्यात प्रतिष्ठा आहे, हा धडा आपण प्रथम तेथे गिरवला.

पुढे रस्ते निघाले तसे गाव रस्त्यांबरोबर चालू लागले. दारव्हा रोड, आर्णी रोड, धामणगाव रोड, पांढरकवडा रोड, ज्या बाजूला पाहावे त्या बाजूला शेते मोजली गेली, चुन्याच्या रेघा पडल्या, सिमेंटचे खुंट रोवले गेले आणि फलक लागले. १९८९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, लोहाऱ्याला औद्योगिक वसाहत वाढली, अभियांत्रिकी महाविद्यालय आले. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, डॉक्टर, कापसाचे व्यापारी, आणि तालुक्याच्या गावी शेती ठेवून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर करणारे शेतकरी, अशा सर्वांनी या लेआऊटांत घरे बांधली.

आता एक चमत्कार पाहा. २००१ च्या जनगणनेत यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे १ लाख २० हजार माणसे होती. २०११ साली ती सुमारे १ लाख १६ हजार भरली. जिल्ह्याचे ठिकाण, आणि दहा वर्षांत वस्ती घटली! साथ आली नव्हती, दुष्काळाने गाव उठले नव्हते. काही माणसे पुण्या-नागपुरास गेली हे खरे. पण पुष्कळशी हद्दीची रेघ ओलांडून पलीकडे राहावयास गेली होती. सकाळी ती शहरात येत, शहराच्या बाजारात भाजी घेत, शहराच्या शाळेत मुले पाठवीत आणि रात्री ग्रामपंचायतीच्या हद्दीत झोपत. जनगणनेच्या खात्याने अशा वस्त्यांना एक नाव दिले आहे: 'जनगणना नगर'. पाच हजारांवर वस्ती, दर चौरस किलोमीटरला चारशे माणसांची दाटी, आणि कामकरी पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेरच्या कामात, या तीन कसोट्या उतरल्या की ते गाव गणतीपुरते शहर ठरते. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. लोहारा, उमरसरा, वडगाव रोड ही वस्ती अशीच 'जनगणना नगर' ठरली होती. २०१६ च्या नगरपरिषद निवडणुकीपर्यंत लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर, भोसा, पिंपळगाव ही सारी हद्दवाढीने शहरात आली. अबुल फजलाने जोडून लिहिलेले योत आणि लोहारा चारशे वर्षांनी पुन्हा एका कारभाराखाली आले.

येथून आपण अमेरिकेला जाऊ. टेक्सास संस्थानात डॅलस शहराच्या उत्तरेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर फ्रिस्को नावाचे गाव आहे. हेच गाव निवडण्याचे कारण सांगतो. २०१० साली अमेरिकेची जनगणना झाली, तेव्हा फ्रिस्कोची वस्ती १ लाख १६ हजार ९८९ भरली. म्हणजे त्या एका क्षणी यवतमाळ आणि फ्रिस्को ही दोन गावे जवळजवळ सारख्या मापाची होती. साम्य येथेच संपत नाही. फ्रिस्कोची जमीन काळी आहे. आपल्यासारखीच चिकण, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. त्या काळ्या पट्ट्यातही पूर्वी कापूस पिके. तेही गाव रेल्वेमुळेच उभे राहिले. १९०२ साली रेल्वेला इंजिनात पाणी भरण्यासाठी मुक्काम हवा होता. जवळचे लेबनन नावाचे जुने गाव उंचावर पडत होते, म्हणून रेल्वेने खालच्या सपाटीवर जागा पाहिली आणि तिच्याच 'ब्लॅकलँड टाउनसाइट कंपनी' या उपकंपनीने लिलावाने प्लॉट विकले. लेबननच्या काही लोकांनी आपली लाकडी घरे ओंडक्यांवरून ढकलीत नव्या गावी नेली! पुढे ते जुने लेबनन फ्रिस्कोच्या हद्दीत विरून गेले.

१९९० सालापर्यंत या गावाची वस्ती सहा हजारांच्या आसपास होती. आपल्याकडे तालुक्याचे ठिकाण म्हणूनही कोणी त्याला मोजले नसते. २००० साली ती ३३ हजार ७१४ झाली, २०१० चा आकडा सांगितलाच, आणि २०२० साली ती २ लाख ५०९ झाली. २०१६-१७ या एका वर्षात पन्नास हजारांवर वस्तीच्या अमेरिकन शहरांत सर्वांत वेगाने वाढलेले शहर म्हणून त्याचा क्रमांक पहिला लागला. तेथील मधल्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अलीकडच्या पाहणीत सुमारे १ लाख ४५ हजार डॉलर आहे, म्हणजे सबंध देशाच्या मानाने जवळजवळ दुप्पट. भारतीय लोक तेथे मोठ्या संख्येने आहेत, हनुमंताचे देऊळ आहे, आणि डॅलस परिसरातील मराठी मंडळी इतकी आहेत की २०१९ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन डॅलसला भरले. आपल्यापैकी कित्येकांची मुले, पुतणे, भाचे त्या बाजूला आहेत. ज्या काळ्या मातीतून ती निघाली, तशाच काळ्या मातीवर जाऊन राहिली.

हे गाव असे एकाएकी का फुगले, हे समजण्यासाठी अमेरिकेतील उपनगरांचा थोडा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. दुसरे महायुद्ध संपून सैनिक घरी परतले, त्यांना घरे हवी होती. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन नावाची वसाहत बांधावयास घेतली गेली, आणि कारखान्यात मोटारी कराव्यात तशी सतरा हजारांवर एकसारखी घरे काही वर्षांत उभी राहिली. सरकारने कर्जाची हमी दिली, १९५६ च्या कायद्याने महामार्ग बांधले. उपनगर हे धाडसी माणसांनी आपल्या हिंमतीवर वसवले, अशी तेथील समजूत आहे. प्रत्यक्षात त्याच्या पायाखाली सरकारचे कर्ज आणि सरकारचा रस्ता होता. आणि आणखी एक गोष्ट होती. लेव्हिटाउनमधील घरे काळ्या लोकांना विकली जात नसत. करारातील अशा अटी न्यायालयाने बजावू नयेत, असा निर्णय १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला, तरी व्यवहारात दार बंदच राहिले. घरांच्या विक्रीतील भेदभावाला मनाई करणारा कायदा व्हावयास १९६८ साल उजाडले. गावकूस फक्त आपल्याकडेच होते, असे कोणी समजू नये.

फ्रिस्को या परंपरेतले, पण नंतरच्या पिढीचे गाव. डॅलसपासूनचा टोलरस्ता उत्तरेकडे वाढत आला, शेजारच्या प्लेनो गावी मोठमोठ्या कंपन्यांची मुख्य कार्यालये आली, २००० साली फ्रिस्कोत भले मोठे व्यापारसंकुल उघडले. आता या गावचा कारभार कसा चालतो ते पाहा, कारण आपल्या कामाचा भाग तोच आहे.

टेक्साससंस्थान लोकांकडून प्राप्तिकर घेत नाही. गावाचे आणि शाळांचे पोट चालते ते घरपट्टीवर आणि विक्रीकरावर. घरपट्टी म्हणजे आपल्यासारखी शे-पाचशेची बाब नव्हे; सर्व मिळून घराच्या किमतीच्या दीड ते दोन टक्क्यांच्या घरात ती दरसाल भरावी लागते. पाच लाख डॉलरचे घर असेल तर वर्षाला आठ-दहा हजार डॉलर. यातला सर्वांत मोठा वाटा शाळांना जातो. २००३ पर्यंत त्या शाळामंडळाचे एकच हायस्कूल होते. २०२२ साली बारावे उघडले. बाग, वाचनालय, अग्निशामक दल, सांडपाण्याचे नळ, पदपथ, हे प्लॉट विकण्यापूर्वी आखले जाते. लोक कर देताना कुरकुरतात. २०१६ साली शाळांसाठी वाढीव कर देण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळलाही. पण प्रस्ताव मतदारांपुढे ठेवावा लागतो आणि हिशेब द्यावा लागतो, हे महत्त्वाचे.

विक्रीकराची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. टेक्साससंस्थानात स्थानिक विक्रीकराला डॉलरमागे दोन सेंटांची मर्यादा आहे. डॅलस आणि भोवतालच्या काही गावांनी त्यातला एक सेंट सार्वजनिक बस आणि आगगाडीसाठी दिला. फ्रिस्कोने तसे केले नाही. त्याने अर्धा सेंट उद्योग आणण्यासाठी आणि अर्धा सेंट बागा, क्रीडांगणे व करमणुकीच्या वास्तूंसाठी राखला. २०१६ साली डॅलसच्या प्रसिद्ध फुटबॉल संघाचे मुख्यालय तेथे आले, २०२२ साली देशातील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचे आले. गावाची भरभराट झाली. पण आजही डॅलसच्या बस-रेल्वेच्या जाळ्यात ते नाही. मोटार नाही तो तेथे पांगळाच म्हणावयाचा. मुलाकडे सहा महिने राहून आलेले आपल्या गावचे वडीलधारे काय सांगतात? घर मोठे, सून चांगली, पण कोपऱ्यावर जाऊन सुपारी आणावी म्हटले तर कोपराच नाही.

आणि पाणी! गावची तहान भागते ती उत्तर टेक्सासच्या जलमंडळाच्या दूरच्या सरोवरांतून. वस्ती वाढली तसे ते पुरेना. म्हणून फॅनिन परगण्यात सोळा हजार एकरांवर पसरलेले बोडार्क नावाचे नवे सरोवर बांधले गेले आणि २०२३ साली त्याचे पाणी सुरू झाले. टेक्साससारख्या प्रचंड संस्थानात जवळजवळ तीस वर्षांत झालेले ते पहिले मोठे धरण. म्हणजे उपनगराच्या हिरवळीसाठी दूरच्या कोणाची तरी शेते पाण्याखाली गेली. हिरवळीचा थाट असा की, घरमालकांच्या संघांच्या नियमांनी अंगणात गवत राखणे भाग पडे. अवर्षणातही ज्यांना कमी पाण्याची झाडे लावावयाची होती त्यांना संघ आडवे येत. अखेर २०१३ साली टेक्सासच्या विधिमंडळाला कायदा करून संघांना ती आडकाठी करण्याची मनाई करावी लागली. शिवाय काळ्या मातीचा गुण तेथेही सुटत नाही. उन्हाळ्यात जमीन आकसली की घराच्या भिंतींना तडे जातात, म्हणून तेथील लोक घराच्या पायालाच नळीने पाणी घालतात. मुरूम भरून, कॉलम खोल नेऊन घर बांधणाऱ्या आपल्या गवंड्याला हे सांगितले तर तो हसेल.

एक शेवटची गोष्ट सांगून फ्रिस्कोचा निरोप घेऊ. ज्या शाळांसाठी लोक तेथे गेले, त्यांतील एक माध्यमिक शाळा बंद करण्याचा निर्णय २०२४ साली शाळामंडळाने घेतला. गावच्या जुन्या भागातील मुले मोठी होऊन निघून गेली, घरांत आईबाप उरले. घरांच्या किमती अशा चढल्या की लहान मुलांच्या तरुण आईबापांना तेथे शिरता येईना. तेथे नव्याने लागलेल्या शिक्षकाचा पगार तेथील मधल्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्मासुद्धा नाही. ज्या गावात शिकवावे त्या गावात त्याने राहावे कसे? सबंध गाव एकाच वयाच्या, एकाच ऐपतीच्या माणसांसाठी बांधले की ते एकदमच तरुण असते आणि एकदमच म्हातारे होते.

आता परत आपल्या लेआऊटात येऊ. फ्रिस्कोत आधी नळ, मग घर. आपल्याकडे आधी घर, मग खांब, मग बोअर, मग रस्त्यासाठी अर्ज, आणि नाली सर्वांच्या शेवटी. याला केवळ माणसांचा आळस कारण नाही. व्यवस्थाच तशी होती. शेतजमिनीचा बिगरशेती वापर करावयाचा तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेने परवानगीची अट घातली. पुढे तीत सवलती होत गेल्या. परवानगीचा खर्च आणि खेटे चुकविण्यासाठी कित्येक ठिकाणी शेत गुंठ्या-गुंठ्याने विकले गेले, आणि अशी बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. २०२१ साली त्याची मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. नियम मोडणाऱ्याला उशिरा का होईना माफी मिळते, हे एकदा कळले की नियम पाळणारा वेडा ठरतो. ग्रामपंचायतीजवळ शहराएवढी वस्ती आणि खेड्याएवढे उत्पन्न. शहराला वाटे, हे आमचे नव्हेत; पंचायतीला वाटे, हे शहराचे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी नाली उपाशी राहिली.

त्यातही एक चांगली तरतूद होती आणि आहे. ठरावीक मापाहून मोठ्या लेआऊटात दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. नकाशावर ती हिरव्या रंगाने दाखवलेली असते. आपण उद्या सकाळी फिरावयास निघाल तेव्हा आपल्या लेआऊटातील ती जागा शोधा. कोठे तिच्यावर गाजरगवत आहे, कोठे बांधकामाचा मलबा आहे, कोठे शेजारच्याचे कुंपण दोन हात आत सरकले आहे, कोठे मात्र खरोखरच झाडे आहेत आणि संध्याकाळी मुले खेळतात. जेथे झाडे आहेत तेथे चौकशी केली तर चार माणसे अशी सापडतात की, ज्यांनी वर्गणी गोळा केली, कुंपण घातले आणि उन्हाळाभर पाणी घातले. एवढाच फरक. २०१९ च्या जानेवारीत ९२ वे मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी भरले ते जुन्या शहराच्या मैदानावर. पूर्वजांनी ते मैदान मोकळे ठेवले म्हणून सबंध महाराष्ट्राला आपण बसावयास जागा देऊ शकलो. गेल्या चाळीस वर्षांत वाढलेल्या आपल्या वस्तीत असे एक तरी मैदान आपण पुढच्या पिढीसाठी राखले आहे काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावा.

२०१८ चा उन्हाळा आपण विसरला नसाल. आधीच्या वर्षी पाऊस कमी झाला. निळोणा आणि चापडोह दोन्ही धरणांनी तळ दाखवला. नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येई. टँकरभोवती रांगा लागल्या. त्या रांगेत गावाबाहेरच्या सुबक बंगल्यातील माणसे उभी होती आणि जुन्या गल्लीतील माणसेही उभी होती. कोणाची बोअर दोनशे फुटांची, कोणाची चारशे. खालचे पाणी एकच, आणि ज्याची खोल त्याने शेजाऱ्याचे ओढलेले. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार! प्रत्येकाने आपल्या कुंपणात सारे काही करून घेतले होते. कुंपणाबाहेरचा आड कोणाचाच नव्हता. त्यानंतर बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहराला आणण्याच्या योजनेवर सारी भिस्त राहिली. पण बेंबळ्याचे पाणी मूळचे शेतीसाठी अडवलेले आहे, हे आपण ध्यानात ठेवावे. ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या आत्महत्यांनी सबंध देशाला हळहळावयास लावले, त्या जिल्ह्यात शहराने पाण्याचा एक एक लिटर घेताना त्याचा हिशेब दिला पाहिजे. फ्रिस्कोच्या हिरवळीला आम्ही नावे ठेवली, ती आपल्या अंगणात रोज पाइप लावून धुतल्या जाणाऱ्या फरशीलाही लागू आहेत.

याच जिल्ह्यात १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ जंगल-सत्याग्रह केला. राखीव जंगलातले गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि तुरुंग पत्करला. मूठभर गवत ते काय, असे कोणी म्हणेल. पण गुराढोरांच्या चाऱ्यावर, रानावर, पाण्यावर गावाचा सामाईक हक्क आहे, ही भावना त्या गवताच्या मुठीत होती. सामाईक वस्तू सरकारने हिरावली तेव्हा माणसे तुरुंगात गेली. आज लेआऊटातली सामाईक जागा शेजारी हिरावतो आणि आपण खिडकी लावून घेतो. वैर नको, असे म्हणतो.

बंधुभगिनींनो, श्रीमंत होणे वाईट, गावाबाहेर घर बांधणे वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात ते त्यातले कष्ट जाणूनच. जन्मभर खडूने हात पांढरे करून एखाद्या शिक्षकाने दोन खोल्यांवर एक माळा चढवला तर त्यात आनंदच आहे. पूर्वी ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागले त्यांची नातवंडे आज त्याच लेआऊटांत हक्काने प्लॉट घेऊ शकतात, हे तर या वाढीचे मोठेच पुण्य. मात्र तेथेही कोणता प्लॉट कोणाला दाखवावयाचा आणि कोणाला 'विकला गेला' म्हणून सांगावयाचे, हे जेथे जेथे आडनाव विचारून ठरते, तेथे तेथे लेव्हिटाउनच आपल्याकडे उभे राहते. कुंपण नव्या विटांचे असले तरी गावकूस जुनेच.

आमचे म्हणणे एवढेच की, घरांची बेरीज केली म्हणजे गाव होत नाही. चार घरांच्या मध्ये जे कोणा एकाचे नसते, त्यावर गाव उभे असते: विहीर, रस्ता, झाड, शाळा, वाचनालय, मैदान, आणि आजच्यासारखी सभा. फ्रिस्कोने या गोष्टी पैसे मोजून आणि आधी विचार करून मिळवल्या. पण ज्याच्याजवळ पैसे नाहीत आणि मोटार नाही त्याला वेशीवरच थांबवले. आपल्याकडे वेस सताड उघडी राहिली, भाजीवाली, रिक्षावाला, पेन्शनर, डॉक्टर एका रस्त्याला लागून राहिले. पण आपण मोजण्याचा आणि आधी विचार करण्याचा कंटाळा केला. त्यांच्याकडून पट्टी भरण्याची आणि हिशेब मागण्याची सवय घ्यावी. आपली उघडी वेस आपण सोडू नये.

यासाठी फार मोठ्या योजनेची वाट पाहावयास नको. प्रत्येक लेआऊटातील रहिवाशांनी आपल्या मंजूर नकाशाची प्रत नगरपरिषदेतून मिळवावी आणि खुली जागा मोजून तिच्यावर पाटी लावावी. पहिल्या पावसाच्या आत छपराचे पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. दहा घरांनी मिळून केले तर खर्च थोडा आणि फळ सर्वांना. जुन्या विहिरी बुजवून त्यांवर खोल्या काढू नयेत. मालमत्ता कर वेळेवर भरावा आणि भरल्यावर त्याचे काय झाले हे वॉर्डाच्या सभेत उभे राहून विचारावे. जो कर भरतो त्याच्या प्रश्नाला वजन असते. आणि प्रत्येक नव्या वस्तीत एक खोली अशी असावी की जेथे वर्तमानपत्रे असतील, पंखा असेल आणि ज्यांची मुले दूरच्या काळ्या मातीवर राहतात अशा वृद्धांना संध्याकाळी चार माणसे भेटतील. कारण फ्रिस्कोतील शाळेचे जे झाले ते आपल्या लेआऊटांचेही होऊ लागले आहे. वर माळा आहे, खाली दोघेच आहेत, आणि रात्री उशिरा मुलाच्या दूरध्वनीची वाट पाहणे आहे. अशा घराला शेजार पाहिजे. तो कोणत्याही नकाशात मंजूर होऊन येत नाही. तो राहणाऱ्यांनीच करावा लागतो.

२०२४ साली वर्ध्याहून कळंबपर्यंत नवी मोठी रेल्वे धावू लागली, चौपदरी महामार्ग झाला. पुढची रेल्वे यवतमाळला पोहोचली की प्लॉटांचे फलक आणखी दूर जातील आणि आज जे शेत आहे ते उद्या लेआऊट होईल. त्या वेळी खुंट रोवणाऱ्याच्या आधी आपण तेथे पोहोचलो आणि विहीर, रस्ता व मैदान कोठे, एवढे विचारले, तरी आजच्या सभेचे काम झाले.